तुरीवरची पिल्लं: शत्रू कोण, मित्र कोण?

गेल्या साली आमच्या बांधावरची तूर दिसायला छान होती. शेंगेला कुठे भोक नाही, आत अळी नाही. पण सुपात पाखडली, तर कितीतरी दाणे सुरकुतलेले, काळपट. त्यांची ना डाळ होते, ना ते बियाणं म्हणून उगवतात. हे काम शेंगेवरच्या ढेकणाचं.

हा ढेकूण शेंगेत सोंड खुपसून कोवळ्या दाण्यांचा रस पितो. त्याची पिल्लंही तेच करतात. म्हणून पिल्लं ओळखायला शिकू या. अंडी शेंगेवर पुंजक्यानं असतात. पिल्लं तांबूस-तपकिरी, बिनपंखी आणि घोळक्यानं बसलेली दिसतात. सोंड सरळ, बारीक, पोटाखाली दुमडलेली. मोठी होतात तशी मागच्या पायाची मांडी जाड होते.

घोटाळा इथेच होतो. अळ्या खाणाऱ्या मित्रढेकणाचं पिल्लूही बरंचसं असंच दिसतं. पण ते बहुधा एकटं फिरतं. त्याचं डोकं लांबट, सोंड आखूड, जाड आणि वाकडी असते. त्याला मारू नका. हातानं धरूही नका, चावलं तर फार आग होते.

घोळका दिसला की सकाळच्या गारव्यात, किडे सुस्त असताना, खाली साबणाच्या पाण्याचं घमेलं धरून शेंगा झटका. अंडी चिरडून टाका. दाणे भरायच्या दिवसांत आठवड्यातून दोनदा तरी फेरी मारा. आणि गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं सांगायचं, काय सापडलं ते!