गोष्ट सांगताना थांबायचे कोणी?

गेल्या पावसाळ्यात कुंभारीच्या विडी घरकुलातून एक बाई अडीच वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आल्या. तक्रार सर्दी-खोकल्याची. तपासले, औषध लिहून दिले. त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि परत वळल्या. माझ्या अठ्ठावीस वर्षांच्या प्रॅक्टिसचा अनुभव असा, की खरे दुखणे पुष्कळदा दारातून परत वळल्यावरच बाहेर पडते.

"डॉक्टर, हा बोलतच नाही की हो."

"अजिबात नाही?"

"अम्मा म्हणतो, पाणी मागतो. झालं. बाकी सगळं बोट दाखवून. आणि मोबाइलवर गोष्टी तर किती ऐकतो! सकाळी लावून दिल्या की दोन-दोन तास हलत नाही. इतकं ऐकतो, मग बोलत का नाही?"

प्रश्न रास्त होता. लहान मुलांना गोष्टी ऐकवा, वाचून दाखवा, असे आम्ही डॉक्टर मंडळीच सांगत असतो. या माऊलीने आपल्या परीने तेच केले होते. फरक इतकाच, की वाचून दाखवण्याचे काम तिने यंत्राकडे सोपवले होते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मूल उशिरा बोलते म्हणजे मोबाइलनेच बिघडले, असा निकाल घरबसल्या देऊ नये. पहिली शंका कानाची घ्यावी. ऐकूच कमी येत असेल तर बोलणार कसे? वर्षाचे झाले तरी मूल बोटाने दाखवत नाही, हाक मारल्यावर वळून बघत नाही, दीड वर्षापर्यंत एकही अर्थाचा शब्द नाही, दोन वर्षांचे झाले तरी "बाबा आले", "दूध दे" असे दोन शब्द जोडत नाही, तर "आमच्या ह्यांच्या घरात सगळेच उशिरा बोलले" म्हणून वाट पाहू नका, डॉक्टरांना दाखवा. या मुलाची श्रवणचाचणी करून घेतली. कान उत्तम होते. बोट दाखवत होता, डोळ्याला डोळा देत होता, आईच्या चेहऱ्याकडे बघून हसतही होता. वाचोपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली आणि मग घरातल्या दिनक्रमाची चौकशी केली.

बाई विड्या वळतात. कारखान्यातून पाने आणि तंबाखू आणायची, पाने कापायची, वळायची, दोरा बांधायचा आणि हजाराच्या हिशेबाने परत द्यायची. दिवसभर मांडीवर सूप. जिथे मांडीवर सूप असते तिथे लेकराला मांडी कुठून मोकळी मिळणार? मोबाइल हा त्या घरात चैनीचा नव्हता, पाळणाघराच्या जागी होता. हे समजून न घेता "मुलाला मोबाइल देऊ नका" असे दटावणे सोपे असते. मीही ते पूर्वी बरेच केले आहे.

याच सुमारास एका निवृत्त शिक्षकांनी मला विचारले, "नातीला गोष्टी कागदी पुस्तकातून वाचून दाखवाव्यात, की ई-पुस्तकातून चालतील?" दोन्ही प्रश्न मुळात एकच आहेत, म्हणून आजच्या सदरात त्यावरच लिहितो आहे.

अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या बालरोगतज्ज्ञांनी २०१९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ३७ पालक आणि त्यांची दोन-तीन वर्षांची मुले. प्रत्येक जोडीने तीन प्रकारची पुस्तके वाचली: कागदी, टॅब्लेटवरचे साधे पुस्तक, आणि टॅब्लेटवरचेच पण आवाज व हलणारी चित्रे असलेले पुस्तक. कागदी पुस्तक हातात असताना आई-बाप आणि मूल गोष्टीबद्दल अधिक बोलले. टॅब्लेटवर बोलणे कमी झाले, आणि जे झाले त्यातही गोष्टीपेक्षा यंत्राचीच चर्चा जास्त. "तिथे दाबू नको", "आवाज कमी कर", "माझ्याकडे दे".

मी हे वाचले तेव्हा मला आश्चर्य वाटले नाही, थोडी लाज वाटली. माझा नातू पुण्याला असतो. त्याच्या तिसऱ्या वाढदिवसाला मीच हौसेने टॅब्लेटमध्ये गोष्टींचे एक पुस्तक घालून दिले होते. बेडकावर बोट ठेवले की बेडूक उडी मारतो. शेजारी बसून मी वाचतोय आणि नातू माझ्याकडे पाठ करून बेडकाला उड्या मारायला लावतोय! पंधरा-वीस उड्या झाल्यावर मी विचारले, "बेडूक कुठे चालला होता रे?" त्याने परत बोट दाबले. बेडूक कुठेच चालला नव्हता. गोष्ट तिथेच संपली होती आणि ते आम्हा दोघांनाही कळले नव्हते.

भाषा ही कानात ओतायची वस्तू नव्हे. मूल "भू" म्हणते, आई म्हणते, "हो रे, भू भू बसलाय. बघ कसा शेपटी हलवतोय." मूल पुन्हा काहीतरी पुटपुटते, आई त्यालाही उत्तर देते. चेंडूच्या खेळासारखे हे असते. एकाने टाकायचा, दुसऱ्याने झेलायचा आणि परत टाकायचा. मोबाइलमधली गोष्ट चेंडू टाकतच राहते, तिला झेलणे ठाऊक नाही. लेकराने मध्येच काही विचारले, चित्रातल्या भलत्याच कोपऱ्यावर बोट ठेवले, कंटाळून मान वळवली, तरी ती थांबत नाही. वाचणारे माणूस मात्र थांबते. आणि कागदी पुस्तकाचा मोठा गुण म्हणजे आपण पान उलटल्याशिवाय ते पुढेच जात नाही. एका पानावर दहा मिनिटे रेंगाळलात तरी त्याची तक्रार नसते. आपल्याकडे आज्या गोष्ट सांगताना पोराकडून "हुं" घेत असत. हुंकार बंद झाला की गोष्ट बंद. ती पोर झोपले का हे बघण्याची युक्ती होतीच, पण पोराला गोष्टीत भागीदार करून घेण्याचीही होती.

आता निवृत्त गुरुजींच्या प्रश्नाकडे वळतो. सगळे पडदे सारखे नसतात, हे लक्षात घ्यावे. किंडलसारखे ई-वाचक यंत्र २००७ साली बाजारात आले आणि त्याच्या दुकानात मराठी पुस्तके रीतसर मिळू लागली ती डिसेंबर २०१६ पासून. त्याचा पडदा मोबाइलसारखा आतून झगझगीत नसतो. त्यावर अक्षरे कागदावरच्या शाईसारखी उमटतात. त्यात बेडूक उड्या मारत नाही, मध्येच जाहिरात येत नाही, फोन वाजत नाही. रंगीत चित्रांची हौस मात्र बहुतेक यंत्रांवर भागत नाही.

गुरुजींना बरीच वर्षे मधुमेह आहे, डोळ्यांच्या पडद्याला इजा झालेली आहे. छापील पुस्तकाचा टाइप त्यांना दिसत नाही. नातीला गोष्ट वाचून दाखवणे त्यांनी त्याच कारणाने सोडले होते आणि त्याची त्यांना खंत होती. मुलाने दिलेल्या ई-वाचकावर अक्षर हवे तेवढे मोठे करता येते. पानावर पाच-सहाच ओळी मावतात, पण त्या दिसतात. मी म्हटले, "गुरुजी, खुशाल वाचा." चित्रे नाहीत म्हणून नात कुरकुरते, तेव्हा ते तिलाच विचारतात, "राजाच्या मिशा कशा असतील, तूच सांग." याहून चांगले वाचन कागदावर तरी काय होणार?

झोपेपूर्वीची वेळ मात्र मी कागदासाठी राखून ठेवायला सांगतो, निदान झगझगीत पडद्यासाठी तरी नाही. बोस्टनमध्ये झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निजण्यापूर्वी काही तास प्रकाश फेकणाऱ्या पडद्यावर वाचणाऱ्यांना छापील पुस्तक वाचणाऱ्यांपेक्षा झोप लागायला सरासरी दहा मिनिटे उशीर झाला आणि झोप आणणारे संप्रेरकही उशिरा स्रवले. प्रयोगातली माणसे बाराच आणि तीही प्रौढ होती, त्यामुळे त्यावरून फार मोठा डोलारा उभारू नये. तरी रात्री साडेनऊला मोबाइल काढून घेतल्यावर घरात जो आकांत होतो, तो पालकांना ठाऊक आहे. त्याला प्रयोगशाळा नको. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलेले प्रमाणही लक्षात ठेवावे: दोन वर्षांच्या आत पडदा नको, दोन ते चार वर्षांपर्यंत दिवसाकाठी एक तासाच्या वर नको. कमी असेल तितके बरे.

पडद्याला नुसती नावे ठेवून मात्र चालणार नाही, आणि सोलापूरकरांनी तर नाहीच. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड चिकटवले. मोबाइल धरला की कविता ऐकू येते, धडा दिसतो. २०१७ मध्ये राज्याने ही कल्पना पाठ्यपुस्तकांसाठी उचलली आणि डिसेंबर २०२० मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. ज्या घरात कविता म्हणून दाखवणारे कोणी नाही, तिथे पुस्तकातून आवाज येणे ही लहान गोष्ट नव्हे.

संशोधनही याला दुजोरा देते. १ ते ८ वर्षांच्या मुलांवर झालेल्या ३९ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२१ साली प्रसिद्ध झाला. सर्वसाधारणपणे मुलांना कागदावरची गोष्ट पडद्यावरच्यापेक्षा अधिक समजली. पण पडद्यावरची करामत गोष्टीचा अर्थ उलगडणारी असेल, तर पडदा कागदाच्या पुढेही गेला. म्हणजे बेडूक विहिरीकडे निघाला असताना विहीर दिसली तर उपयोग. बोट लावले की नुसती उडी, यात मुलाचे लक्ष उडीतच अडकते.

हे सगळे वाचून, टिपणे काढून मी तयार होतो. दुसऱ्या खेपेला त्या बाई आल्या तेव्हा मी ऐटीत सांगितले, "मोबाइल बंद. रोज रात्री पंधरा मिनिटे पुस्तक वाचून दाखवा." त्या गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मला वाचता येत नाही, डॉक्टर. तेलुगू बोलते, पण अक्षर कुठलंच येत नाही."

इतकी वर्षे पूर्व भागातली माणसे तपासतोय, आणि हे मला आधी सुचू नये! आमचा सल्ला शिकल्यासवरल्या घरांच्या मापाने बेतलेला असतो, तो असा उघडा पडतो.

बोस्टनमध्येच १९८९ साली काही डॉक्टरांनी तपासणीला आलेल्या मुलांच्या हाती औषधाच्या चिठ्ठीबरोबर पुस्तक द्यायला सुरुवात केली. ती चळवळ पुढे अमेरिकाभर पसरली. तिच्याबद्दल वाचल्यापासून माझ्याही दवाखान्यात एका जुन्या पत्र्याच्या पेटीत लहान मुलांची पुस्तके असतात. त्यातले प्राण्यांच्या चित्रांचे एक पुस्तक काढून मी बाईंपुढे ठेवले. "यात वाचायचं काही नाही. चित्र बघा आणि जे दिसतं ते तुमच्या तेलुगूत सांगा. मराठीत सांगायची गरज नाही. बोलून झालं की थांबा. मनात दहा आकडे मोजा. तो काहीही म्हणाला, नुसतं ऊं केलं, तरी त्याला उत्तर द्या."

"चुकीचं सांगितलं तर?"

"गोष्टीत काय चुकायचंय?"

त्या हसल्या. पुस्तक पिशवीत टाकून गेल्या.

त्यांनी पुढे जे केले ते मला सुचले नसते. मोबाइल त्यांनी बंद केला नाही, फळीवर उंच ठेवला. दिवसा विड्या वळताना गोष्टी त्या स्वतः ऐकतात. पोरगा शेजाऱ्यांच्या मुलांबरोबर अंगणात. तंबाखूच्या धुळीपासून तो लांब राहिला, हा माझ्या दृष्टीने आणखी एक फायदा. रात्री सूप भिंतीला लागले, मांडी मोकळी झाली, की दिवसभरात ऐकलेल्यातली एक गोष्ट आपल्या भाषेत, आपल्या मनाने, पुस्तकातले हत्ती-वाघ त्यात घुसडून त्या मुलाला सांगतात. मोबाइल आईला गोष्ट सांगतो, आई लेकराला. ज्यांना अक्षरओळख आहे त्यांच्यासाठी प्रथम बुक्सने २०१५ साली सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी आणि तेलुगूतही चित्रमय गोष्टी फुकट आहेत. बालभारतीचे 'किशोर' मासिक तर १९७१ पासून निघते आहे. पण या बाईंचा मार्ग मी आता वाचता येणाऱ्या आयांनाही सांगतो. नोकरीहून येताना बसमध्ये गोष्ट ऐका किंवा मोबाइलवर वाचा, घरी आल्यावर तो पर्समध्ये ठेवा आणि गोष्ट तोंडाने सांगा.

मुलगा एकदम घडाघडा बोलू लागला, असे मी लिहिणार नाही. वाचोपचार चालू आहेत, आठवड्याला एक खेप होते. संक्रांतीनंतर, गड्ड्याची गर्दी ओसरल्यावर, बाई त्याला घेऊन आल्या. तक्रार पुन्हा सर्दीचीच. माझ्या टेबलामागे एका औषध कंपनीचे कॅलेंडर आहे, त्यावर हत्तीचे चित्र. मी छाती तपासत असताना त्याने स्टेथोस्कोपची नळी बाजूला सारली, बोट वर केले आणि म्हणाला, "अम्मा, एनुगु." तेलुगूत हत्तीला एनुगु म्हणतात. मला तेवढे कळते. मी थांबलो. तो पुन्हा म्हणाला, "पेद्द एनुगु." मोठा हत्ती. दोन शब्द, जोडून.

बाईंनी पिशवीतून पुस्तक काढून परत दिले. कडा कुरतडलेल्या, वाघाच्या पानावर चहाचा डाग, आणि हत्तीचे पान गायब.

"ते फाडून उशाला घेऊन झोपतो हो," त्या ओशाळून म्हणाल्या. "पैसे किती द्यायचे?"

मी पेटीतून दुसरे पुस्तक काढून दिले. यात उंट आहे.