रांगडेपणाचे दोन अर्थ : नव्वदच्या दशकातील अमेरिकन रॅप-रॉक संगीताचा पुनर्विचार

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात अमेरिकेत रॉक आणि रॅप या दोन संगीतप्रकारांच्या संकरातून एक नवा प्रवाह उदयास आला. रॅप-रॉक, रॅप-मेटल, न्यू मेटल अशा निरनिराळ्या नावांनी तो ओळखला गेला. या नावांमध्ये भेद आहेत. तथापि विकृत केलेल्या गिटारचा जाड नाद, तालबद्ध पठण आणि आरोळीच्या जवळ जाणारे गायन हे घटक या सर्वांत कमीअधिक प्रमाणात आढळतात. १९९८ ते २००१ या काळात हा प्रवाह लोकप्रियतेच्या शिखरावर होता आणि नेमक्या त्याच काळात समीक्षकांनी त्याला कमालीचे हीन लेखले. शिवराळ, बटबटीत, अर्धवट वयाच्या मुलांचे संगीत अशा शब्दांत त्याची संभावना झाली. दोन दशकांनंतर मात्र चित्र पालटलेले दिसते. त्या काळातील बँड मोठ्या महोत्सवांच्या मंचावर परतले आहेत, त्यांच्यावर माहितीपट निघाले आहेत आणि जे ऐकतो असे सांगण्याची एकेकाळी लाज वाटे, ते आता स्मरणरंजनाचा विषय झाले आहे.

या पालटाकडे पाहताना ‘रांगडेपणा’ या शब्दाची फोड करणे आवश्यक ठरते. या संगीतात नादाचा रांगडेपणा आहे आणि वर्तनाचाही आहे. पहिला हा रचनेचा निर्णय होता. दुसरा हा माणसांशी, विशेषतः स्त्रियांशी, वागण्याचा प्रश्न होता. १९९९ मधील टीकेने दोन्ही एकाच गाठोड्यात बांधून फेकून दिले. आजचे स्मरणरंजन तेच गाठोडे न उघडता घरात आणू पाहते. प्रस्तुत लेखात हे गाठोडे उघडण्याचा प्रयत्न केला आहे.

संकराची पूर्वपीठिका

रॉक बँडांनी रॅप उचलले, असा एक सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः सुरुवात उलट दिशेने झाली. न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय वस्त्यांतील डीजे नाचासाठी तबकड्या वाजवताना त्यांतील केवळ ढोलांचा तुकडा पुन्हा पुन्हा फिरवीत आणि तो तुकडा कोणाचा आहे याचे त्यांना सोयरसुतक नसे. एरोस्मिथ या रॉक बँडच्या १९७५ च्या ‘वॉक धिस वे’ या गीताचा आरंभ असाच वापरात होता. क्वीन्स भागातील रन-डीएमसी या गटाने १९८४ मध्ये ‘रॉक बॉक्स’ या गीतात रॅपखाली विजेच्या गिटारची साथ घेतली आणि १९८६ मध्ये निर्माता रिक रुबिनच्या पुढाकाराने ‘वॉक धिस वे’ मूळ गायक व गिटारवादकासह नव्याने ध्वनिमुद्रित केले. अमेरिकेच्या गीतसूचीत ते चौथ्या क्रमांकापर्यंत पोहोचले, म्हणजे मूळ गीताच्याही पुढे गेले. याच रुबिनने घडविलेल्या बीस्टी बॉइज या तीन श्वेतवर्णीय तरुणांच्या गटाचा अल्बम १९८७ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. तो मान मिळविणारा हा पहिला रॅप अल्बम होय. रॅपची निर्मिती कृष्णवर्णीयांची आणि त्या सूचीच्या शिखरावरचा पहिला रॅप अल्बम श्वेतवर्णीयांचा, ही विसंगती पुढील साऱ्या इतिहासावर सावलीसारखी पडलेली आहे.

तिचे एक बोलके उदाहरण १९९२ मधील आहे. रॅप कलावंत आइस-टी याने बॉडी काउंट नावाचा बँड काढून ‘कॉप किलर’ हे गीत प्रसिद्ध केले. पोलिसी अत्याचारावरील या गीतावरून देशभर गदारोळ उठला, राजकीय नेत्यांनी त्याचा ‘रॅप’ म्हणून निषेध केला आणि अखेर ते अल्बममधून काढून घ्यावे लागले. गीत मात्र रॅप नव्हतेच. ते वेगवान मेटल होते आणि आइस-टी हे वारंवार सांगत होता. गाणाऱ्याच्या कातडीचा रंग पाहून संगीताचा प्रकार ठरविला जातो, याचा याहून स्पष्ट पुरावा सापडणे कठीण.

त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या रेज अगेन्स्ट द मशीन या बँडचा पहिला अल्बम आला. त्याच्या वेष्टनावर १९६३ मध्ये सायगाव येथे आत्मदहन करणाऱ्या थिच क्वांग डुक या बौद्ध भिक्खूचे, माल्कम ब्राउनने टिपलेले छायाचित्र होते. गिटारवादक टॉम मोरेलो हा केनियन पिता व श्वेतवर्णीय अमेरिकन माता यांचा पुत्र आणि हार्वर्ड विद्यापीठाचा पदवीधर, तर गायक झॅक दे ला रोचा मेक्सिकन वंशाचा. या अल्बममध्ये उसने ध्वनितुकडे, कीबोर्ड वा सिंथेसायझर वापरलेले नाहीत, अशी नोंद वेष्टनावर मुद्दाम छापलेली होती. ती नोंद आवश्यकच होती. कारण मोरेलो डीजेच्या तबकडीचे खरवडणे साध्या गिटारवर काढून दाखवीत होता.

नादरचनेचे स्वरूप

हा संकर ऐकायला सोपा वाटतो, कारण तो सोपा केलेला असतो. पारंपरिक रॉक गीतात गायकाकडे चाल असते व गिटार तिला स्वरसंवादाची साथ देते. गायकाने चाल सोडून पठण सुरू केले की साथीचे काम बदलते. मराठी वाचकाला पोवाड्यातील शाहिराचे तालातले निवेदन आठवले, तर हा फरक चटकन ध्यानात येईल. अशा वेळी गिटारला स्वरांची वळणे घेत बसण्याचे कारण उरत नाही. ती दोनतीन स्वरांचा एक आघाती तुकडा धरते आणि तोच घोटत राहते. रॉकमध्ये या तुकड्याला रिफ म्हणतात. डीजे तबकडीवरचा तुकडा फिरवीत असे. येथे जिवंत वादक तेच करतात. समीक्षक ज्याला दारिद्र्य म्हणत होते, तो बऱ्याच अंशी रॅपचा रचनानियम होता.

कॅलिफोर्नियातील बेकर्सफील्ड गावच्या कॉर्न या बँडने याच्या पुढची पायरी गाठली. स्टीव्ह वाय या अत्यंत तयारीच्या वादकासाठी आयबानेझ कंपनीने १९९० मध्ये सात तारांची गिटार बाजारात आणली होती. जादा तारेमुळे बोटांच्या करामतीला अधिक जागा मिळावी, ही त्यामागील कल्पना. कॉर्नच्या दोन्ही गिटारवादकांनी तेच वाद्य घेतले, त्याची सातवी तार आणखी खाली उतरवली आणि करामत साफ वगळली. रॉकचे भूषण मानले जाणारे एकल गिटारवादन त्यांच्या १९९४ च्या पहिल्या अल्बममध्ये जवळजवळ नाहीच. तारेचा सैल, गढूळ खर्ज आणि त्यावर बास गिटारचा खडखडाट एवढ्यावर सगळा डोलारा उभा आहे. वाद्याच्या निर्मात्याला अभिप्रेत नसलेला उपयोग शोधणे ही लोकप्रिय संगीतातील नवनिर्मितीची जुनीच वाट आहे. ती येथे अडाणीपणा म्हणून मोजली गेली, एवढेच.

या खर्जावर गायक जोनाथन डेव्हिस जे गात होता, तेही रॉकच्या परंपरेला अपरिचित होते. पूर्वी शवागाराशी संबंधित शासकीय कार्यालयात काम केलेला हा तरुण बालपणीच्या लैंगिक अत्याचाराविषयी, शाळेतील छळाविषयी गात होता. पहिल्या अल्बमच्या अखेरच्या गीतात तो रडू लागला आणि निर्माता रॉस रॉबिन्सनने ध्वनिमुद्रण थांबविले नाही. ते रडणे अल्बममध्ये तसेच राहिले. ऐकणाऱ्याला हे अस्वस्थ करते, आणि कोणाचे दुःख असे विकावे काय, हा प्रश्न रास्त आहे. परंतु पुरुषाने आपण बळी ठरल्याचे जाहीरपणे उच्चारणे ही गोष्ट त्या काळच्या मेटल संगीतात दुर्मीळ होती. नादाचा रांगडेपणा येथे नाजूक मजकुराचे कवच झाला होता.

बाजारपेठेचा वाटा

मे १९९१ पासून बिलबोर्ड साप्ताहिकाची अल्बमसूची दुकानदारांच्या तोंडी माहितीऐवजी यंत्राने मोजलेल्या विक्रीवर आधारली गेली. परिणामी रॅप आणि मेटलचा खप पूर्वीच्या सूचीत दिसे त्यापेक्षा बराच मोठा असल्याचे उघड झाले. पुढे १९९६ च्या दूरसंचार कायद्याने रेडिओ केंद्रांच्या मालकीवरील देशव्यापी मर्यादा उठविली. क्लिअर चॅनल या एकाच कंपनीकडे बाराशेच्या आसपास केंद्रे एकवटली आणि ठरावीक साच्याची गीते देशभर एकाच वेळी वाजू लागली. फ्लोरिडातील लिंप बिझ्किट हा बँड या यंत्रणेचा सर्वांत यशस्वी लाभार्थी ठरला. त्याच्या १९९९ मधील अल्बमच्या पहिल्या आठवड्यात सहा लाखांहून अधिक आणि २००० मधील अल्बमच्या पहिल्या आठवड्यात दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या.

कॉर्नमधील जखम येथे तक्रारीत रूपांतरित झालेली दिसते. गायक फ्रेड ड्युर्स्टच्या गीतांतील राग बहुधा सोडून गेलेल्या प्रेयसीवर, टीकाकारांवर किंवा कोणावरच नेमका नाही असा असतो. वेस बोरलँडचे गिटारवादन कल्पक आहे. परंतु शब्दांची पातळी अनेकदा शाळेच्या भिंतीवरील मजकुराइतकीच आहे, हे आजच्या पुनर्मूल्यांकनातही झाकता येत नाही.

याच रेडिओ यंत्रणेची दुसरी बाजू ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर दिसली. क्लिअर चॅनलमध्ये आक्षेपार्ह ठरू शकणाऱ्या गीतांची एक यादी फिरली. तीत दीडशेहून अधिक गीतांबरोबर रेज अगेन्स्ट द मशीनची ‘सर्व गीते’ अशी नोंद होती. ही बंदी नसल्याचे कंपनीने सांगितले. प्रेयसीवरचा राग मात्र कोणाला धोकादायक वाटल्याचे दिसत नाही.

वुडस्टॉक १९९९

जुलै १९९९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील रोम या गावी, ग्रिफिस या बंद पडलेल्या हवाई तळावर वुडस्टॉकच्या तिसाव्या वर्षानिमित्त महोत्सव भरला. जमलेल्यांची संख्या दोन लाखांच्या घरात होती. उष्मा अडतीस अंश सेल्सिअसच्या जवळपास, सावली नाममात्र, पायाखाली डांबर व काँक्रीट, पाण्याची बाटली चार डॉलरला आणि स्वच्छतागृहांची दाणादाण, अशा स्थितीत तीन दिवस गेले. शनिवारी, २४ जुलैच्या संध्याकाळी लिंप बिझ्किटच्या कार्यक्रमात प्रेक्षकांनी लाकडी फळ्या उखडल्या. कोणाला इजा होऊ देऊ नका, असे म्हणतानाच शांत होण्याची मात्र गरज नाही, असेही ड्युर्स्टने मंचावरून सांगितले. त्यानंतर त्याच मंचावर रेज अगेन्स्ट द मशीनचा कार्यक्रम झाला आणि अखेरीस अमेरिकन ध्वज जाळण्यात आला. आगी लागल्या व लूटमार झाली ती दुसऱ्या दिवशी रात्री, रेड हॉट चिली पेपर्सच्या कार्यक्रमाच्या वेळी व त्यानंतर.

हा कालक्रम महत्त्वाचा आहे. कारण आयोजकांनी दोषाचा मोठा वाटा बँडच्या माथी मारला, आणि २०२१ व २०२२ मध्ये प्रदर्शित झालेल्या दोन माहितीपटांनी पाण्याची किंमत व नियोजनातील हेळसांड यांवर प्रकाश टाकून तो बऱ्याच अंशी उलटविला. हे न्याय्यच झाले. तथापि येथेच एक गफलत संभवते. तहानेने आणि उकाड्याने आग लावण्याची बुद्धी झाली, असे म्हणता येईल. गर्दीच्या हातांवरून पुढे नेल्या जाणाऱ्या मुलींचे कपडे ओरबाडण्याचे स्पष्टीकरण पाण्याच्या किमतीत सापडत नाही. बलात्काराच्या व विनयभंगाच्या तक्रारी झाल्या, त्यांतील काही प्रसंग मंचासमोरच्या गर्दीत घडल्याचे सांगितले गेले. तीन दिवसांच्या प्रमुख कलावंतांत स्त्रिया तीनच होत्या : शेरिल क्रो, अलानिस मॉरिसेट आणि ज्युएल. त्याच वर्षांत, १९९७ ते १९९९ या तीन उन्हाळ्यांत, सारा मॅक्लॉक्लनने सुरू केलेला लिलिथ फेअर हा स्त्री कलावंतांचा फिरता महोत्सव अमेरिकेत यशस्वीपणे चालू होता. प्रेक्षकवर्ग असा विभागला गेला असताना रॅप-रॉकच्या मंचासमोर कोण उरले आणि त्यांना काय चालते असे वाटले, हा प्रश्न आयोजकांच्या चुकांनी मिटत नाही.

पुनरागमन आणि नवे वारसदार

नादाचा रांगडेपणा वर्तनाच्या रांगडेपणाशिवाय टिकू शकतो, हे वास्तविक तेव्हाच सिद्ध झाले होते. लिंकिन पार्कचा ‘हायब्रिड थिअरी’ हा ऑक्टोबर २००० मधील अल्बम २००१ मध्ये अमेरिकेत सर्वाधिक खपला. त्यात रॅप आहे, आरोळी आहे, जाड गिटार आहे. शिवी मात्र एकही नाही. गायक चेस्टर बेनिंग्टन बालपणीच्या अत्याचाराविषयी उघडपणे बोलत असे. २०१७ मध्ये त्याने जीवन संपविल्यानंतर ज्या गीतांना पौगंडावस्थेतील रड म्हणून हिणवले गेले होते, ती अनेकांनी नव्या कानांनी ऐकली. २०२४ मध्ये या बँडने एमिली आर्मस्ट्राँग या गायिकेसह नवा अल्बम काढला.

लिंप बिझ्किट २०२१ मध्ये शिकागोच्या लोलापलूझा महोत्सवात परतला, तो ड्युर्स्टने स्वतःचीच थट्टा करणाऱ्या अधेड बापाच्या वेशात. ही थट्टा चतुर आहे. ती गतकाळाची जबाबदारी घेते की टाळते, हे सांगणे अवघड आहे. खरे पुनर्मूल्यांकन इतरत्र घडत आहे. जपानी-ब्रिटिश गायिका रीना सावायामाने २०१९ मध्ये आशियाई स्त्रियांना ऐकून घ्याव्या लागणाऱ्या शेरेबाजीला उत्तर देण्यासाठी न्यू मेटलचीच गिटार निवडली. नोव्हा ट्विन्स या ब्रिटिश कृष्णवर्णीय तरुणींच्या जोडीला २०२२ मध्ये मर्क्युरी पारितोषिकासाठी नामांकन मिळाले. दिल्लीच्या ब्लडीवुड या बँडचा प्रवासही लक्षणीय आहे. प्रसिद्ध गीतांच्या विडंबनापासून सुरुवात करणाऱ्या या बँडने ढोलाचा ठेका, हिंदी व पंजाबी गायन आणि इंग्रजी रॅप यांचा मेळ घातला आणि २०१९ मध्ये जर्मनीतील वाकेन महोत्सवात कार्यक्रम केला. त्यांच्या २०२२ मधील ‘रक्षक’ या अल्बममधील ‘दना-दन’ हे गीत लैंगिक हिंसा करणाऱ्यांविरुद्ध आहे. जाड खर्ज तोच, आरोळी तीच, पठणही त्याच धर्तीचे. राग कोणावर आहे, ते मात्र त्यात स्पष्ट सांगितलेले आहे.