पित्ताच्या खाती जमा

आपल्याकडे छातीत जळजळले, आंबट ढेकर आला, डोके ठणकले, फार काय अंगावर गांधी उठल्या, तरी या साऱ्यांची नोंद ‘पित्त’ या एकाच खाती होते; आणि खाते एक म्हणून उपायही एकच, अशा समजुतीने कोणी आमसुलाचे पाणी घेतो, कोणी थंड दुधाचा पेला रिकामा करतो, तर कोणी पहाटे घशात बोटे घालून ‘पित्त काढल्याच्या’ समाधानात दिवसाचा आरंभ करतो. या खात्यातील एकाच तक्रारीची, म्हणजे महिनोन्‌महिने वरचेवर होणाऱ्या छातीतील जळजळीची, औषधाविना आहाराने कितपत सोडवणूक होते, याची येथे तपासणी करावयाची आहे.

गैरसमज : जळजळ म्हणजे पित्त वाढले.

वस्तुस्थिती : यकृतात तयार होणारा पित्तरस अल्कधर्मी असतो, जाळतो तो जठरातील रस, ज्यातील आम्ल हे हायड्रोक्लोरिक आम्ल आहे असे विल्यम प्राउट या इंग्रज वैद्याने १८२४ साली प्रसिद्ध केले, आणि अंगावर उठणारे ‘पित्त’ हा तर त्वचेचा निराळाच विकार होय. शिवाय जळजळणाऱ्या माणसाच्या जठरात आम्ल वाजवीहून अधिक असतेच असे नाही. अन्ननलिका व जठर यांच्या सांध्यावर पहारा देणारे स्नायूंचे वलय अवेळी सैल पडते आणि आम्ल वर चढते. पोटाचा घेर, गर्भारपण किंवा आकंठ भोजन यांनी खालून दाब वाढला की ते अधिकच चढते. पहाटे मुद्दाम केलेली वांती तेच आम्ल दातांवर व अन्ननलिकेवर आणून ओतते, हे वेगळे सांगावयास नको.

गैरसमज : घरगुती उपाय व पूरक द्रव्ये निर्धोक असतात.

वस्तुस्थिती : थंड दुधाने घटकाभर बरे वाटते, परंतु त्यातील प्रथिने व कॅल्शियम जठराला पुन्हा आम्ल स्रवावयास लावतात. खाण्याचा सोडा आम्ल शमवतो खरा. मात्र चहाच्या एका चमचाभर सोड्यात सुमारे १२०० मिलिग्रॅम सोडियम असते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढास दिवसाकाठी घालून दिलेली मर्यादा २००० मिलिग्रॅमची आहे, हे रक्तदाबाच्या रुग्णाने विसरू नये. ज्येष्ठमध नित्य व भरपूर घेतल्यास रक्तदाब चढतो व पोटॅशियम उतरते. पचनास हितकर मानलेला पुदिना त्या पहारेकरी वलयालाच सैल करू शकतो. आणि आम्ल कमी पडते म्हणून व्हिनेगर प्यावे, या मताला भक्कम पुराव्याचा दाखला नाही.

गैरसमज : तिखट सोडले की पथ्य झाले.

वस्तुस्थिती : सर्वांना लागू पडेल अशी निषिद्ध पदार्थांची यादी नाही. कोणाला मिसळ बाधते, कोणाला रिकाम्या पोटीचा चहा, तर कोणाला उपवासाच्या नावाखाली खाल्लेली तुपाने व दाण्याच्या कुटाने जड झालेली साबुदाण्याची खिचडी. म्हणून दोन आठवडे काय, केव्हा व किती खाल्ले याचे टिपण ठेवणे हाच खरा मार्ग. काय खाल्ले याहून केव्हा व किती खाल्ले हे पुष्कळदा अधिक महत्त्वाचे ठरते : रात्रीचे जेवण निजण्यापूर्वी तीन तास उरकावे, डाव्या कुशीवर निजावे, आणि उशांची चळत न रचता (तिने पोट दुमडते) पलंगाचे उशाकडील पायच सहा ते आठ इंच उचलावेत. स्थूल माणसाने वजन उतरविणे हा तर आहारोपचारांतील सर्वांत खात्रीचा उपाय.

गैरसमज : गोळ्या एक तर जन्मभर घ्याव्यात, नाही तर आजच फेकून द्याव्यात.

वस्तुस्थिती : आम्लस्राव रोखणारे ओमेप्राझोल १९८८ साली प्रथम स्वीडनमध्ये विक्रीस आले, आणि त्याच्या कुळातील गोळ्यांनी असंख्य रुग्णांना दिलासा दिला, पण त्या जेवणानंतर नव्हे, जेवणापूर्वी अर्धा ते एक तास घ्यावयाच्या असतात. दीर्घ सेवनानंतर त्या एकाएकी बंद केल्यास दबून राहिलेला आम्लस्राव काही आठवडे उसळतो, आणि रुग्ण मात्र ‘शरीराला सवय जडली’ असा निवाडा देऊन मोकळा होतो. सौम्य विकारात पथ्याची घडी बसल्यावर वैद्याच्या सल्ल्याने मात्रा उतरवीत नेता येते. परंतु अन्ननलिकेस गंभीर व्रण झाले असतील, तर औषध सोडणे हा पथ्याचा विजय नसून निष्काळजीपणा होय.

गिळताना घास अडकणे, कारणाविना वजन घटणे, रक्ताची वांती वा डांबरासारखे काळे शौच, यांपैकी काहीही दिसले तर घरगुती उपचारांचा अंमल तिथेच संपला असे समजावे. आणि छातीत दाटून येऊन घाम फुटला, कळ हातात वा जबड्यात उतरली, तर ‘पित्त असेल’ म्हणून सोडा ढवळीत बसू नये, तत्काळ रुग्णालय गाठावे. कारण हृदयाची तक्रार पित्ताच्या खाती लिहिली गेली, तर ती चूक दुरुस्त करण्यास पुष्कळदा सवड मिळत नाही.