आपले किती, त्यांचे किती?

मागच्या महापालिका निवडणुकीच्या वेळची गोष्ट. रविवारची सकाळ होती. चहाचा दुसरा कप नुकताच हाती आला होता, तोच दारावरची घंटा वाजली. दारात एक तरुण उभा. गळ्यात पक्षाचा पट्टा, काखेत एक जाडजूड वही. मी चेहरा आठवण्याची खटपट करीत होतो, तोवर त्यानेच वाकून नमस्कार केला. "सर, ओळखलंत का? तीन वर्षांपूर्वी तुमच्या वर्गात होतो."

जुना विद्यार्थी म्हटला की मास्तर विरघळतो. मी त्याला आत बोलावले, आमच्या हिने आणखी एक कप चहा टाकला, आणि त्याने वही उघडली. आमच्या सोसायटीतल्या बिऱ्हाडांची ती यादी होती. जिन्याखालच्या पाटीवर नुसती आडनावे रंगवलेली आहेत, ती त्याने तशीच उतरवून घेतली होती. काही नावांपुढे बरोबरची खूण होती, काहींपुढे फुली.

"फुली कशाची रे?"

"ते आपले नव्हेत, सर. तिकडे जायचंच नाही. वेळ कशाला घालवायचा?"

तो हे इतक्या निर्मळपणे म्हणाला की मला रागवताही येईना. कॉलेजात कविता बऱ्यापैकी समजणारा हा मुलगा. मग त्याने पेन्सिल एका नावावर टेकवली. "सर, दुसऱ्या मजल्यावरचे हे इनामदार. हे आपले की त्यांचे?"

प्रश्न चुकीचा नव्हता. इनामदार आमच्याकडे हिंदूही असतात आणि मुसलमानही. देशमुख, पटेल, पाटील यांचेही तसेच. गावची वतने देणाऱ्याने धर्म पाहून आडनावे वाटली नव्हती. मी म्हटले, "त्यांच्याकडे जा, आणि त्यांनाच विचार त्यांची काय अडचण आहे ती." तो हसला. सर गंमत करताहेत असे त्याला वाटले. इनामदारांपुढे प्रश्नचिन्ह काढून तो चहा संपवून निघून गेला.

तो गेला, पण ती वही माझ्या डोळ्यांपुढून हलेना. असली वही मी पूर्वी कुठेतरी पाहिली होती. पाहिली म्हणजे वाचली होती, आणि तीही इथली नव्हे, आयर्लंडमधली.

टिळकांच्या पिढीला आयर्लंड म्हणजे शेजारचे गाव. 'होमरूल' हा शब्दच आपण तिथून उसना आणला आणि १९१६ साली टिळकांनी त्या नावाचा संघ काढला. न. चिं. केळकरांनी 'आयर्लंडचा इतिहास' लिहिला, आणि हेच केळकर पुढे पुण्याच्या नगरपालिकेचे अध्यक्षही झाले. एम.ए.ला असताना केळकर वाचता वाचता मला त्या देशाचे जे वेड लागले ते अजून उतरलेले नाही. केळकरांचे पुस्तक जिथे थांबते, त्याच्या पुढची हकीगत मी जमेल तशी वाचत गेलो. तीत एका शहराच्या नगरपालिकेची गोष्ट आहे. शहराचे नाव डेरी. (दुधाची नव्हे!)

उत्तर आयर्लंडात फॉइल नदीच्या काठी हे गाव आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडच्या राजाने ते लंडनच्या व्यापारी मंडळ्यांच्या हवाली केले. त्यांनी गावाभोवती दगडी तट बांधला आणि नावापुढे आपल्या शहराचे नाव जोडून 'लंडनडेरी' केले. तेव्हापासून प्रॉटेस्टंट माणूस लंडनडेरी म्हणतो आणि कॅथॉलिक डेरी. गावाचे नाव उच्चारताच बोलणाऱ्याची जात कळावी, अशी गावे जगात थोडीच असतील. १६८९ साली कॅथॉलिक राजा दुसरा जेम्स याच्या सैन्याने या तटाला १०५ दिवस वेढा घातला होता. आत प्रॉटेस्टंट उपाशी मेले, पण वेशी उघडल्या नाहीत. त्या वेढ्याची आठवण अजूनही दरवर्षी मिरवणुकीने काढतात. तटाखालच्या सखल भागात, बॉगसाइड नावाच्या वस्तीत, कॅथॉलिक राहत आणि तटावरून जाणारी ती मिरवणूक खालून पाहत.

पण शेजारी राहणाऱ्या दोन पंथांची जुनी भांडणे कुठल्या गावात नसतात? आपल्याकडेही आहेत. माझे कुतूहल निराळे आहे. ही भांडणे नगरपालिकेच्या वहीत शिरली कशी, आणि शिरल्यावर तिथे त्यांनी काय केले?

१९२० साली तिथल्या नगरपालिकांच्या निवडणुका प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या पद्धतीने झाल्या. ज्या गटाला जेवढी मते, साधारण त्या प्रमाणात त्याला जागा, असा तो हिशेब. डेरीत कॅथॉलिकांची संख्या जास्त. निकाल लागला तेव्हा दोन शतकांहून अधिक काळानंतर पहिल्यांदाच ह्यू ओडॉहर्टी हा कॅथॉलिक गृहस्थ महापौर झाला. पुढच्याच वर्षी आयर्लंडची फाळणी झाली. उत्तरेकडचा तुकडा ब्रिटनकडे राहिला आणि तिथे युनियनिस्टांचे, म्हणजे मुख्यतः प्रॉटेस्टंटांच्या पक्षाचे राज्य आले. त्यांनी १९२२ साली ही पद्धत रद्द केली. मग वॉर्डांच्या सीमा नव्याने आखल्या. १९३६ मध्ये पुन्हा आखल्या.

आकडेमोडीचा कंटाळा असणाऱ्या वाचकांनी क्षणभर धीर धरावा, कारण सगळी गंमत या हिशेबातच आहे. १९६७ साली डेरीचे तीन वॉर्ड होते. दक्षिण वॉर्डात १०,०४७ कॅथॉलिक मतदार आणि १,१३८ इतर, जागा आठ. उत्तर वॉर्डात २,५३० कॅथॉलिक आणि ३,९४६ इतर. जागा तिथेही आठच. नदीपलीकडच्या वॉटरसाइड वॉर्डात १,८५२ कॅथॉलिक आणि ३,६९७ इतर, जागा चार. आता बेरीज करा. सगळ्या शहरात कॅथॉलिक मतदार १४,४२९ आणि इतर ८,७८१. आणि नगरपालिकेत? युनियनिस्ट बारा, विरोधक आठ!

मतपेटी फोडली नाही, कुणाला दमदाटी केली नाही. दहा हजार माणसे एका पिशवीत कोंबली आणि तोंड बांधून टाकले, एवढेच.

पिशवीचे तोंड बांधलेले राहावे म्हणून मात्र बराच खटाटोप करावा लागे. स्थानिक निवडणुकीत मत कुणाला? तर घरपट्टी भरणाऱ्या बिऱ्हाडाच्या यजमानाला आणि त्याच्या जोडीदाराला. घरातली वयात आलेली मुले, पोटभाडेकरू, मोलकरीण, यांना मत नाही. व्यापारी कंपनीला मात्र मालमत्तेच्या मानाने सहापर्यंत मते! हा नियम इंग्लंडमध्ये १९४५ साली गेला, पण उत्तर आयर्लंडने तो कवटाळून ठेवला. पार्लमेंटला मत देणाऱ्या साधारण चारांतल्या एकाला नगरपालिकेसाठी मत देता येत नसे. यात गरीब प्रॉटेस्टंटही पुष्कळ होते, ही गोष्ट विसरता कामा नये. आईबापांच्या दोन खोल्यांत संसार थाटलेला प्रॉटेस्टंट गोदीकामगार शेजारच्या कॅथॉलिकाइतकाच बिनमताचा होता. पण नगरपालिका 'आपल्यांची' आहे एवढ्यावर तो समाधानी होता.

म्हणजे घर मिळाले की मत मिळाले. आणि घरे कोण देणार? नगरपालिका. डेरीत तर घरवाटप जवळजवळ महापौरांच्याच हाती होते. आता आपण त्या महापौरांच्या खुर्चीत बसून पाहू. दारात एक कॅथॉलिक जोडपे उभे आहे, चार पोरे, एक खोली, भिंतींना ओल. त्यांना उत्तर वॉर्डात घर दिले तर तिथे दोन मते वाढली. अशी सातशेआठशे घरे दिली की वॉर्ड गेला, वॉर्ड गेला की नगरपालिका गेली. तेव्हा द्यायचे तर दक्षिण वॉर्डातच द्यायचे. तिथली जागा संपली. शहराची हद्द वाढवावी, तर तोल बिघडण्याची भीती. तेव्हा उभे चढा! १९६६ साली बॉगसाइडमध्ये रॉसव्हिल फ्लॅट्स नावाच्या उंच इमारती उभ्या राहिल्या. जमिनीची टंचाई हे कारण सांगता येते, पण ती टंचाई कागदावर रेघ ओढून केलेली होती.

मला या गोष्टीतले सर्वांत भयंकर काही वाटत असेल तर ते हे, की यात दुष्ट माणसाची गरजच पडत नाही. महापौर स्वभावाने दयाळू असला तरी त्याने ते कुटुंब बाहेरच ठेवले असते, कारण त्या कुटुंबाकडे तो माणसे म्हणून पाहूच शकत नव्हता. त्याला ती दोन मते दिसत होती. आणि तिकडचे पुढारी तरी काय करीत होते? दक्षिण वॉर्डातल्या आठ जागा त्यांच्या ठरलेल्याच. तिथे जिंकण्यासाठी प्रॉटेस्टंट मतदाराकडे जाण्याचे कारण नव्हते, आणि आपल्याच लोकांकडेही फारसे जावे लागत नसे. त्या प्रदेशात कितीतरी जागा बिनविरोधच निवडल्या जात. निकाल आधीच ठाऊक, मग गटाराबद्दल भाषण करायचे कुणी आणि ऐकायचे कुणी? निशाण दाखवले की पुरे.

तरीही ही माणसे एकत्र येऊ शकत नव्हती असे नाही. १९६५ साली उत्तर आयर्लंडात दुसरे विद्यापीठ काढायचे ठरले. ते आपल्या शहरात यावे म्हणून डेरीकर एक झाले. युनियनिस्ट महापौर आणि नॅशनॅलिस्ट पुढारी एडी मॅकॅटीर पुढे, मागे शेकडो मोटारी, असा तांडा राजधानीतल्या स्टॉरमाँट पार्लमेंटवर गेला. जॉन ह्यूम नावाचा एक तरुण शिक्षक या चळवळीच्या अग्रभागी होता. सरकारने विद्यापीठ कोलरेन या लहान गावाला दिले. कोलरेन प्रॉटेस्टंट बहुसंख्येचे होते, हे सांगायला नकोच. त्या दिवशी डेरीतल्या प्रॉटेस्टंटांच्या मुलांचेही विद्यापीठ गेले.

(जाता जाता आडनावांची गोष्ट. ह्यूम हे नाव ऐकून कुणीही त्या माणसाला स्कॉटिश प्रॉटेस्टंट समजेल, आणि तो होता कॅथॉलिक. ओनील हे अस्सल जुने आयरिश नाव, पण १९६३ ते १९६९ पर्यंत युनियनिस्ट पंतप्रधान असलेले टेरेन्स ओनील होते प्रॉटेस्टंट. माझा विद्यार्थी वही घेऊन डेरीत गेला असता तर या दोघांपुढेही त्याची पेन्सिल अडलीच असती.)

पुढचे बहुतेक वाचकांना ठाऊक असेल, म्हणून थोडक्यात सांगतो. ठिणगी पडली ती घरावरूनच. १९६८ च्या जूनमध्ये कॅलेडन या खेड्यात एका एकट्या प्रॉटेस्टंट तरुणीला घर मिळाले आणि मोठी कॅथॉलिक कुटुंबे तशीच राहिली, म्हणून ऑस्टिन करी हा आमदार त्या घरात घुसून बसला. त्याच वर्षी ५ ऑक्टोबरला डेरीत नागरी हक्कांचा मोर्चा निघाला. 'एका माणसाला एक मत' ही त्यांची घोषणा. पोलिसांनी डोकी फोडली, आणि ते दृश्य टेलिव्हिजनवरून जगाने पाहिले. ओनील सरकारने महिना दीड महिन्यात डेरीची नगरपालिका बरखास्त करून तिच्या जागी आयोग नेमण्याचे ठरवले. घरे गरजेचे गुण मोजून वाटायची, कंपन्यांची मते रद्द करायची, हेही मान्य केले. १९६९ साली सर्व प्रौढांना स्थानिक मत देण्याचेही ठरले. जे पन्नास वर्षे अशक्य होते ते काही महिन्यांत झाले, पण उशीर झाला होता. ऑगस्टमध्ये बॉगसाइड पेटली आणि ब्रिटिश लष्कर आले. ३० जानेवारी १९७२ रोजी त्याच रॉसव्हिल फ्लॅट्सच्या आसपास सैनिकांनी मोर्चावर गोळ्या झाडल्या. तेरा माणसे जागच्या जागी किंवा काही वेळातच मेली, चौदावा पुढे काही काळाने. त्या प्रदेशातला रक्तपात १९९८ च्या करारापर्यंत चालला आणि सुमारे साडेतीन हजार माणसे गेली.

१९७३ साली प्रमाणशीर पद्धत परत आली. तीत मतदार उमेदवारांपुढे एक, दोन, तीन असे पसंतीचे आकडे घालतो, आणि पहिल्या पसंतीला गरज नसेल तर मत दुसऱ्याकडे सरकते. त्यामुळे 'त्यांच्या' मतदाराची तिसरी पसंती तरी आपल्याला मिळेल का, याचा विचार उमेदवाराला करावा लागतो. सगळेच करतात असे नाही. अजूनही बरेच मतदार आपल्या पंथाबाहेर पसंती देत नाहीत. पण डेरीच्या नव्या नगरपालिकेत बहुमत आता कॅथॉलिकांच्या पक्षांचे होते, आणि त्यांनी महापौरपद पाळीपाळीने युनियनिस्टांनाही दिले. हिशेब चुकता करण्याची संधी हाती असताना ती सोडून देणे सोपे नसते. घरवाटप तर १९७१ सालीच सगळ्या नगरपालिकांच्या हातून काढून एका स्वतंत्र मंडळाकडे दिले होते. रॉसव्हिल फ्लॅट्स पुढे पाडून टाकले.

आपल्याकडे मतदारयादीत धर्माचा रकाना नाही. तो आपोआप नाहीसा झालेला नाही. १९०९ पासून मुसलमानांचे मतदारसंघ वेगळे होते, त्यांच्या याद्या वेगळ्या होत्या. घटनेच्या ३२५ व्या कलमाने सर्वांची एकच यादी केली, आणि धर्म, वंश, जात किंवा लिंग यांवरून कुणालाही तीतून वगळता येणार नाही असे ठरवले. एवढ्या खटपटीने पुसलेला तो रकाना माझा विद्यार्थी रविवारी सकाळी जिन्याखालच्या पाटीवरून पुन्हा आखत होता, तोही अंदाजाने.

मतदानाच्या दिवशी रांगेत इनामदार माझ्या पुढेच होते. आमच्या फाटकासमोरच्या गटाराचे झाकण पावसाळ्यापासून फुटलेले आहे आणि त्यांची आई संध्याकाळी काठी टेकत फिरायला निघते. मी विचारले, "काय इनामदार, झाकणाचं काही झालं का?"

"कुणाला सांगायचं, सर? सगळ्या पक्षांची माणसं सोसायटीत येऊन गेली म्हणे. आमच्याकडे कुणीच आलं नाही. पाच मतं आहेत आमच्या घरी."