परवाना कोणाच्या नावाचा?

वडाळ्याच्या एका अंगाला, माटुंग्याच्या हद्दीत, १८८७ साली स्थापन झालेली आणि १९२३ पासून सध्याच्या जागी नांदणारी व्हीजेटीआय आहे, तर पूर्वेकडील वस्तीत १९९९ साली निघालेले विद्यालंकार तंत्रविद्यालय आहे. आणि या दोहोंच्या आसमंतात वाढलेल्या मुलांच्या घरी ‘बाहेर जायचं काय ठरलं?’ हा प्रश्न आता ‘नोकरी लागली का?’ याइतक्याच सहजतेने विचारला जातो. ज्या शहराच्या गिरण्या, गोद्या आणि कचेऱ्या कोकणातून व घाटावरून आलेल्या माणसांनी चालविल्या, त्या शहराने देशांतराला नाके मुरडणे शोभणारे नाही. तथापि एक भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. गाववाल्यांच्या खोलीत पथारी टाकणाऱ्या चाकरमान्याचे एका गिरणीतील काम सुटले, तरी तो बदली कामगार म्हणून दुसऱ्या गिरणीच्या फाटकाशी उभा राहू शकत असे. परमुलखात गेलेल्या सॉफ्टवेअर अभियंत्याला ती मोकळीक असेलच असे नाही.

अभियंत्यांची परमुलखात जाण्याची ही वाट पाडण्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. १९६८ साली येथे निघालेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने फकीरचंद कोहली यांच्या नेतृत्वाखाली १९७० नंतरच्या दशकात परदेशी गिऱ्हाइकांची कामे स्वीकारली. आणि परकीय चलनाची चणचण व संगणकाच्या आयातीवर सरकारी निर्बंध अशा त्या काळात, यंत्र येथे आणण्यापेक्षा माणूस यंत्रापाशी धाडणे अनेकदा सुलभ ठरे. पुढे विसावे शतक संपताना जुन्या प्रोग्रॅममधील सालांच्या आकड्यांची दुरुस्ती निघाली, तेव्हा हा ओघ अधिकच वाढला.

अमेरिकेत नोकरीसाठी लागणारा एच-१बी परवाना १९९० च्या कायद्याने अस्तित्वात आला. त्याची वार्षिक मर्यादा ६५,००० असून तेथील विद्यापीठांतून उच्च पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २०,००० जागा आहेत. परंतु मर्माची बाब अशी की, हा अर्ज उमेदवार करीत नाही, मालक करतो. मुदत प्रथम ३ वर्षांची आणि सामान्यतः एकंदर ६ वर्षांची. मध्येच नोकरी गेली, तर नवा मालक शोधण्यास किंवा चंबूगबाळे आवरण्यास फार तर ६० दिवस. कायम वास्तव्याचा मार्गही सरळ नाही. कारण नोकरीच्या आधारे दिल्या जाणाऱ्या ग्रीनकार्डांत कोणत्याही एका देशाचा हिस्सा सुमारे ७ टक्क्यांवर जाऊ नये, असा दंडक असल्याने भारतीयांची रांग अनेक वर्षे लांबते. त्यातच सप्टेंबर २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांचे फर्मान निघून, देशाबाहेरील उमेदवारासाठी केलेल्या नव्या अर्जावर एक लाख डॉलरचा आकार बसला.

जर्मनीची रीत निराळी आहे. तेथे जून २०२४ पासून गुणांच्या आधारे मिळणाऱ्या ‘चान्सनकार्ट’वर, हाती नेमणूक नसतानाही, वर्षभर राहून काम शोधता येते; आणि ‘ब्लू कार्ड’ हा नोकरीचा परवाना मिळवून कामास लागलेल्याला जर्मन भाषेची बी-१ पातळी गाठल्यास २१ महिन्यांनी, अन्यथा ए-१ पातळीवर २७ महिन्यांनी, कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. म्हणजे तेथे भाषेचा अभ्यास ही हौस राहत नाही. तिचा हिशेब महिन्यांत होतो.

कोणता देश श्रेष्ठ, हा वाद येथे गौण आहे. नेमणूकपत्र हाती पडले की बहुतेक घरांत प्रथम पगाराचा आकडा रुपयांत मांडला जातो. त्याआधी तीन गोष्टी वाचाव्यात. परवाना कोणाच्या अर्जावर मिळणार आहे, नोकरी सुटल्यास किती मुदत उरते, आणि सोबत जाणाऱ्या जोडीदाराला काम करण्याची मुभा आहे की नाही. एच-१बीच्या अर्जाचा खर्च हा मालकाचा धंद्याचा खर्च मानला जातो. त्यापोटी उमेदवाराकडे पैसे मागणाऱ्या दलालाच्या दारातूनच परतावे. परदेशी अवश्य जावे. पण परवान्याची प्रत्येक अट स्वतःच्या डोळ्यांनी वाचूनच सही करावी.