जपानमधील ग्राहकाभिरुची व तंत्रसाधने

जपानमधील ग्राहकाभिरुची व तंत्रसाधने : नव्या साधनांचा उत्साहाने स्वीकार आणि जुन्या साधनांचा दीर्घकाळ वापर, ही परस्परविरोधी वाटणारी लक्षणे जपानी ग्राहकवर्गात एकत्र आढळतात. त्यांचे मूळ जपानची लिपी, व्यापारी परंपरा व सार्वजनिक सुरक्षितता यांत आहे.

निश्चित किंमत व रोख व्यवहार ही परंपरा जुनी आहे. मित्सुई ताकातोशी याने १६७३ मध्ये एडो (सध्याचे टोकिओ) येथे काढलेल्या एचिगोया या कापडाच्या दुकानात घासाघीस न करता रोखीने विक्री होई. मित्सुकोशी या विभागीय भांडाराचा उगम तेथेच झाला.

दुसऱ्या महायुद्धानंतर उत्पन्न वाढू लागताच घरगुती विद्युत् उपकरणांना मोठी मागणी आली. कृष्णधवल दूरचित्रवाणी संच, धुलाई यंत्र व प्रशीतक यांना सम्राटाच्या तीन राजचिन्हांवरून ‘तीन पवित्र निधी’ म्हणत. १९६० नंतरच्या दशकात त्यांची जागा रंगीत दूरचित्रवाणी संच, वातानुकूलक व मोटारगाडी यांनी घेतली. भात शिजविण्याचे स्वयंचलित विद्युत् पात्र तोशिबा कंपनीने १९५५ मध्ये विक्रीस आणले. रोजच्या आहारात बदल न करता श्रम वाचत असल्याने ते घरोघरी रूढ झाले.

फॅक्सचा प्रसार लिपीमुळे झाला. जपानी लेखनात कांजी ही चिनी चिन्हे मोठ्या संख्येने येतात. त्यामुळे टंकलेखन कष्टाचे होते. जपानी लिपीसाठीचा पहिला शब्दसंस्कारक १९७८ मध्ये आला. हस्तलिखित कागद जसाच्या तसा पाठविणारे फॅक्स यंत्र साहजिकच कचेऱ्यांत व घरांतही स्थिरावले आणि संगणक आल्यावरही टिकले. या सवयीची किंमत २०२० च्या कोव्हिड साथीत दिसून आली. रुग्णांची माहिती फॅक्सने कळविण्याच्या पद्धतीमुळे आरोग्यकेंद्रांवर मोठा भार पडला. त्याच वर्षी शासकीय अर्जांवरील मुद्रेची सक्ती कमी करण्यास प्रारंभ झाला, तर फ्लॉपी तबकडीची अट घालणारे नियम २०२४ पर्यंत रद्द झाले.

भ्रमणध्वनीवरून आंतरजालसेवा देणारी ‘आय-मोड’ पद्धत १९९९ मध्ये व भ्रमणध्वनीद्वारे दुकानात पैसे देण्याची सोय २००४ मध्ये सुरू झाली. तथापि चोरीचे अल्प भय, सर्वत्र असलेली रोकडयंत्रे व छोट्या दुकानदारांना जाचक वाटणारे शुल्क यांमुळे रोखीचे प्राबल्य टिकले. रोकडविरहित व्यवहारांचे प्रमाण २०१० मध्ये सुमारे १३ टक्के होते. ते २०२४ मध्ये ४२.८ टक्के झाले.

जपानी ग्राहक गुणवत्तेविषयी दक्ष असून संघटितही आहे. न पेटणाऱ्या आगकाड्यांविरुद्ध गृहिणींनी केलेल्या चळवळीतून १९४८ मध्ये ‘शुफुरेन’ ही गृहिणी संघटना उभी राहिली. रंगीत दूरचित्रवाणी संचांच्या किंमतींतील तफावतीमुळे ग्राहक संघटनांनी १९७० मध्ये त्यांच्या खरेदीवर बहिष्कार पुकारला. परिणामी उत्पादकांना किंमती कमी कराव्या लागल्या. ग्राहक संरक्षणाचा मूलभूत कायदा १९६८ मध्ये झाला व २००९ मध्ये स्वतंत्र ग्राहक व्यवहार संस्था शासनाने स्थापन केली.

लोकसंख्येत ६५ वर्षांवरील व्यक्तींचे प्रमाण २९ टक्क्यांच्या आसपास आहे. यांपैकी अनेकांचा रोख पैसा, कागद व दूरध्वनी यांवरच भर असतो. त्यामुळे जुनी साधने काढून घेताना या वर्गाचे दैनंदिन व्यवहार अडणार नाहीत, हे पाहणे जपानी शासन व उद्योग यांच्यापुढील महत्त्वाचे कार्य ठरले आहे.