रक्त यंत्रात जाण्याआधी

श्रीरामपूर तालुक्यातल्या प्रवराकाठच्या बेलापूरकडे ऊस म्हटला की ॲट्राझीन, टू-फोर-डी ही तणनाशके आलीच. फवारणाऱ्याच्या रक्तातला त्यांचा अंश मास स्पेक्ट्रोमीटर पकडू शकतो, पण रक्त थेट यंत्रात घालता येत नाही. प्रथिने यंत्र तुंबवतात, स्निग्ध घटक संकेत दाबून टाकतात.

म्हणून साकळणे रोखणारे हेपॅरिन किंवा ईडीटीए असलेल्या नळीत रक्त घेऊन सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात आणि वर आलेला प्लाझ्मा गोठवतात. तपासणीवेळी त्यात तेच रसायन, पण जड समस्थानिकांचे, मोजून मिसळतात. पुढे मूळ रसायन जितक्या प्रमाणात हरवेल, तितक्याच प्रमाणात हेही हरवते आणि हिशेब जुळतो. सगळ्या खटाटोपातली ही खरी हुशारी. मग साधारण तिप्पट ॲसिटोनायट्राइल घालतात. प्रथिने नासलेल्या दुधासारखी फाटून तळाशी बसतात. वरचा द्रव नायट्रोजनच्या झोताखाली आटवतात.

भेसळ मात्र प्रयोगशाळेतूनच होऊ शकते: प्लॅस्टिकमधून थॅलेट, टेफ्लॉनच्या भागांतून फ्लोरिनयुक्त रसायने. त्यासाठी रक्ताविना ‘कोरा’ नमुनाही सोबत चालवतात.

टू-फोर-डी काही दिवसांतच लघवीवाटे निघून जाते, त्यामुळे फवारणीनंतर महिन्याने घेतलेल्या रक्ताचा उपयोग नाही. डीडीटी या कीटकनाशकाचे अवशेष मात्र चरबीत वर्षानुवर्षे राहतात.